पडद्यावरचा पिवळा

९ जानेवारी

पुन्हा नाही!

फोन आला तेव्हा मी फ्रीज पुसत होते. दत्तकसंस्थेची लोइस. ‘मॉरीन, त्या मुलीनं दुसऱ्या जोडप्याचं पुस्तक निवडलं.’ हे सांगताना ती आवाज फार मऊ करते. तिथं शिकवत असणार तसा आवाज काढायला. मी ‘हो का, बरं’ म्हटलं आणि फ्रीज पुसत राहिले. स्वच्छच होता, तरी पुसला.

डेल कामावरून आल्यावर सांगितलं. एक बूट काढून झाला होता. दुसरा तसाच ठेवून बसला. मग म्हणतो, ‘जेवायला काय आहे?’ असा संताप आला! नंतर लक्षात आलं, बिचाऱ्याजवळ बोलायला दुसरं काही नव्हतंच.

१२ जानेवारी

आज लोइसच्या ऑफिसात गेले. सरळच विचारलं — आमच्यात खोट काय आहे, एकदा सांगून टाका.

तिनं आमचं पुस्तक टेबलावर उघडलं. आम्हीच केलेलं — आमचे फोटो, घराचे फोटो, आम्ही कोण, काय खातो, कुत्र्याचं नाव काय. ज्या पोरीला आपलं बाळ द्यायचंय ती अशा पुस्तकांचा ढीग पुढ्यात घेऊन बसते आणि बाळाला आईबाप निवडते. पोरगी कधी एकोणीसची, कधी सतराची. आम्ही चाळिशीचे दोघं तिच्यापुढं नटूनथटून उभे!

लोइस म्हणाली, ‘मुली आधी घर बघतात हो. आणि तुमचं बघा — तपकिरी सोफा, तपकिरी गालिचा, तपकिरी कुत्रा.’

कुत्र्याला मी काय करू?

‘एखाद्या सिनेमातलं घर आठवा. आपण तिथं लहानाचे मोठे झालो असतो तर किती बरं झालं असतं, असं वाटणारं.’

मला तत्क्षणी एक घर आठवलं. तिला सांगायची लाज वाटली.

१३ जानेवारी

सफरचंदांच्या बागेतलं घर. लहानपणी नाताळात टीव्हीवर तो सिनेमा हमखास लागायचा. आजोबा, बिनआईची नातवंडं आणि ते पिवळं स्वयंपाकघर. खिडकीत बसायला गादी घातलेलं बाकडं, भिंतीवर निळ्या ताटल्या, टेबलावर ऊन. गोष्ट अर्धीमुर्धीच आठवते. घर मात्र खोली न् खोली. आईबाबांचं भांडण सुरू झालं की मी मनातल्या मनात त्या खिडकीत जाऊन बसायचे. कधी कुणाला बोलले नाही. डेललाही नाही.

डीव्हीडी मिळाली! मिनिटामिनिटाला थांबवून बघते. डेल म्हणतो, ‘मो, आपण सिनेमा बघतोय की भिंत?’

भिंत.

१७ जानेवारी

रंगाच्या दुकानातून नमुन्याच्या पट्ट्या आणल्या, पिवळ्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. चित्र थांबवायचं आणि एकेक पट्टी टीव्हीच्या काचेला लावून बघायची. डेलला पट्टी धरून उभा केला. हात दुखले म्हणून कुरकुरला, पण हलला नाही.

दुकानातला माणूस बघूनच म्हणाला होता, ‘सिनेमातलं घर ना?’ म्हणे रोज कुणीतरी येतंच. कुणाला पडद्यावरची निळी झोपायची खोली हवी, कुणाला समुद्रकाठच्या बंगल्यातला पांढरा. ‘आणि मग परत येऊन माझ्याशी भांडतात,’ असंही म्हणाला. मी हसले. आपण त्यातले नाही असंच सगळ्यांना वाटतं.

आमच्या घराला जिना नाही. सिनेमात आहे. राहिलं.

२१ जानेवारी

रंग दिला. भयंकर!

पट्टी काचेवर तंतोतंत जुळली होती. भिंतीवर नुसती मोहरीची चटणी थापल्यासारखी दिसते. खिडकीबाहेर आमच्या टोलेडो शहराचं करडं आभाळ, खाली बर्फ, आणि मध्ये हा पिवळा. त्यात सासूबाई आल्या. नॉर्मा कधी फोन करून येत नाहीत. दारातूनच — ‘अगं बाई! भिंतींना कावीळ झाली की!’

मग खुर्चीत बसून सावकाश एकेक सोडत होत्या. ‘सिनेमात भांडी कोण घासतं, दिसलं का गं तुला कुठं?’ शेवटी म्हणाल्या, ‘परक्या पोरासाठी एवढा थाट. डेलच्या वेळी आम्ही कपाटाचा एक खण रिकामा केला होता, बस्स.’

डेल म्हणाला, ‘आई, कॉफी पी.’ एवढंच. पण असं म्हणाला की त्यांनी कप उचलला.

त्या गेल्यावर मी मोरीशी उभी राहून रडले. परक्या पोरासाठी! खण रिकामा करायला घरात आधी कुणी येणार असावं लागतं.

२२ जानेवारी

दुसरा पिवळा. जरा फिका. याला डब्यावर ‘लोणी’ लिहिलंय. रंगवायला डेलच आला, मी न सांगता.

३० जानेवारी

बाकडं झालं. डेलनं केलं. गादी मी शिवली. निळ्या ताटल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणल्या, एक टवका उडालेली आहे, ती वर लावली.

सिनेमात जिन्यालगत मुलांचे फोटोच फोटो आहेत. जिना नाही म्हणून ते मी बोळात लावायचे ठरवले. चौकटी आणल्या, आणि मग चौकटी घेऊन नुसती उभी राहिले. लावू काय? चौकटीत दुकानातलीच छापील चित्रं होती — हसणारी पोरं, कुणाची कोण जाणे. एक दात पडलेली मुलगी. ती तशीच टांगली. फोटोत लांबून कळणार नाही.

डेल बोळातून जाताना तिकडं बघत नाही.

४ फेब्रुवारी

आठवडा झाला, फोटो काढायचेत आणि ऊन म्हणून नाही. उन्हाशिवाय तो पिवळा मेलेला दिसतो. मी म्हटलं, ‘राहू दे, आपल्या नशिबात ऊनसुद्धा नाही.’ डेल उठला आणि कोट घालून बाहेर गेला. मला वाटलं चिडला.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरात ऊन पडलं!

टेबलावर, ताटल्यांवर, बाकड्यावर — अगदी तसंच, सिनेमातलं. मी धावत खिडकीशी गेले. डेल गुडघाभर बर्फात उभा. लोकांच्या तळघरात शिरून हीटर दुरुस्त करताना लावतो तो तीन पायांचा मोठा दिवा त्यानं शिडीला बांधला होता. नाक लाल. खुणेनं विचारतो — जमलं?

भराभर फोटो काढले. त्या पिवळ्यात आमचा तपकिरी कुत्रासुद्धा देखणा दिसतो.

बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो. मग मला उगाच वाटलं, हे फसवणं झालं का? सिनेमावाले तरी दुसरं काय करतात!

१६ फेब्रुवारी

नवं पुस्तक लोइसला दिलं. ‘वा!’ म्हणाली. वाट बघणं सुरू. मी या वाट बघण्याला कंटाळले आहे.

८ मार्च

कुणीतरी आम्हाला निवडलं!!

ट्रिना नाव. एकोणीस वर्षांची. एप्रिलच्या शेवटी बाळंत होईल. लोइसचा आवाज आज मऊ नव्हता, ती चक्क ओरडत होती. मी विचारलं, का निवडलं? ‘स्वयंपाकघर. तिनं तो सिनेमा पाहिलेलासुद्धा नाही. पण म्हणाली, या घरात सकाळ असते.’

डेलनं दुसराही बूट काढला आणि दोन्ही हातांत धरून बसला.

१९ मार्च

ट्रिनाला घर बघायचं होतं, म्हणून आज लोइस घेऊन आली. सकाळपासून आभाळ गच्च. मी घरातले सगळे दिवे लावले. मेणबत्त्यासुद्धा. मूर्खासारखं दिसत होतं.

बारीकशी आहे. पोट तेवढं पुढं. बोळात थांबून विचारलं, ‘ही मुलं कोण?’ मला खोटं सुचलं होतं. तोंडातून खरं आलं — ‘चौकटींबरोबर आली.’ ती त्या दात पडलेल्या मुलीकडं बराच वेळ बघत राहिली.

स्वयंपाकघरात आल्यावर गोंधळली. एकदा भिंतीकडं, एकदा खिडकीकडं. ‘ऊन कधी येतं इथं?’

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. लोइस पर्स चाचपत बसली. डेल म्हणाला, ‘चल, दाखवतो,’ आणि तिला हाताला धरून मागच्या दारानं बाहेर नेलं. मी मनात म्हटलं, संपलं. एवढं हाताशी आलेलं या माणसाच्या खरेपणापायी जाणार! त्यानं दिवा लावला. लख्ख ऊन आत आलं. आणि बाहेरून पोरीचं हसणं ऐकू आलं. पोट धरून हसत होती. ‘शी! तुम्ही लोक वेडे आहात!’

मग आत येऊन बाकड्यावर पाय वर घेऊन बसली. तसंच बसायचं असतं तिथं. टोस्टवर सफरचंदाचा मुरंबा लावून दिला, पुन्हा मागून घेतला. ती मावशीच्या तळघरात राहते. खिडकी आहे, पण छताशी, एवढीशी. ‘गाड्यांची चाकं दिसतात. कोण आलं ते मी चाकावरून ओळखते.’ मग टोस्ट खाली ठेवून म्हणाली, ‘मला हे असं त्याला देता येणार नाही ना.’

‘त्याला’ म्हणाली. मुलगा आहे.

दिवा बाहेर तसाच जळत होता.

२ एप्रिल

पाळणा आला. खोलीलाही तोच पिवळा दिला. सासूबाई विणलेलं पांघरूण घेऊन आल्या आणि भिंतीकडं बघून म्हणाल्या, ‘कावीळ उतरली जरा.’ त्यांच्या तोंडून हे म्हणजे कौतुकच. पांघरूण पिवळं आहे.

२४ एप्रिल

मुलगा झाला. दोघं ठीक. कायद्यानं आईला तीन दिवस सही करता येत नाही. लोइस म्हणाली, हॉस्पिटलात आत्ताच येऊ नका, ट्रिनानं सांगितलंय.

‘आत्ताच’ म्हणाली. मी त्या शब्दाला धरून बसले आहे.

२५ एप्रिल

खोली झाडली. झाडलेलीच होती.

२६ एप्रिल

डेल गाडीत लहान बाळाची खुर्ची बसवतो, काढतो, परत बसवतो.

२७ एप्रिल

मऊ आवाज.

‘हॅलो’ म्हणताक्षणी कळलं. पुढचं तिनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. ट्रिना बाळ स्वतःच वाढवणार आहे. मावशी तयार झाली.

२९ एप्रिल

खूप वाईट विचार येतात. लिहिते, म्हणजे जातील. खोटारडी! माझ्या बाकड्यावर बसली, माझा मुरंबा खाल्ला, आणि तळघरात नेलं त्याला! गाड्यांची चाकं बघायला! असं म्हणते आणि मग आठवतं की तिचंच आहे ते. माझं कधीच नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, लोइसनं सांगितलं होतं, सह्या केल्या होत्या. काही उपयोग होत नाही त्या माहितीचा.

आज बाहेर खरंखुरं ऊन पडलंय, दिव्याशिवाय. टेबलावर, ताटल्यांवर, सगळीकडे. सिनेमातल्यापेक्षा चांगलं. मी पडदा ओढून घेतला.

डेलला सांगितलं, शनिवारी पांढरा आण. सगळ्या घराला पांढरा. तो ‘बरं’ म्हणाला. बोळातल्या चौकटी मात्र त्यानं आजच काढल्या, मला न विचारता. त्या दात पडलेल्या मुलीची तेवढी राहू दिली. का, ते मीही विचारलं नाही.

२ मे

शनिवार. डेल दुकानात निघणार, तेवढ्यात लोइसचा फोन. ‘मी तिला म्हटलं होतं की असं विचारू नये. पण ट्रिनाचा हट्टच आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्याचं नाव काय? बाळ झोपतं तिथली भिंत रंगवायचीय तिला.’

मी फोन ठेवून गॅरेजमध्ये गेले. ‘लोणी’चा डबा हलवून बघितला. निम्मा आहे, एका भिंतीला पुरेल. डेल मागं येऊन उभा राहिला. त्यानं शिडीचा दिवा सोडला, वायर नीट गुंडाळली आणि डब्याशेजारी ठेवला.

‘हापण देऊ,’ म्हणाला. ‘याच्याशिवाय तो पिवळा तसा दिसत नाही.’