कुणगा मंडळाला, अकरा नावं मात्र मास्तरांनी घ्यायची

पहिला आला तो बाबली, आणि तोही मागल्या दारानं. कोंबड्या ओरडल्या म्हणून परसात बघितलं तर हा उभा, एका हातात तारली मासळीची पिशवी आणि दुसरा हात गुडघ्यावर. मागल्या दारानं येणारा माणूस काहीतरी मागायलाच येतो. मी म्हटलं, "काय रे, चोरासारखो?" तर म्हणतो, "काकी, हळू बोल. माका गोलातसून काढ गो."

बाबली म्हणजे आमच्या वाडीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. पन्नाशी ओलांडली, आजोबा झाला, तरी गोलात तोच. त्याला तिथं उभा करणारे आमचे हे. त्याला मी चुलीकडे बसवला आणि तव्यावर घावणा घातला, एवढ्यात पुढच्या दारी चपला वाजल्या. क्रीडा मंडळाचा जितेंद्र, ज्याचं कट्टा गावच्या बाजारात मोबाईलचं दुकान आहे तो, आणि त्याच्या मागं टीममधला तरणा समर्थ. ते दोघे त्याच कामाला आले होते! एक अर्जदार मागल्या दारी, दोन पुढल्या दारी, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ते कुणग्यात, म्हणजे भाताच्या मोठ्या खाचरात, चुन्याच्या रेघा मारत होते. मला हसू आवरेना. घरात एवढी माणसं आली की मला फार बरं वाटतं. त्या दिवशी जे बोलणं झालं त्यातूनच हा कागद निघाला, म्हणून आधी ते लिहिलं. आता कागदाला जे लागतं ते लिहिते.

मी, सौ. सुगंधा महादेव धुरी (नवऱ्याचं नाव कायद्याला लागतं म्हणून लिहिलं, पुढे लिहिणार नाही), वय पंच्याहत्तरच्या पुढे, शिक्षण चौथी, राहणार भरडवाडी, कट्ट्याजवळ, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हा कागद माझ्या हातानं लिहिते. मला कोणी भरीस घातलेलं नाही, धाक दाखवलेला नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्याचा इथं संबंध नाही. घरात दोघांपैकी एकाचं डोकं शाबूत असलं की संसार चालतो, आणि सध्या ती पाळी माझी आहे. जोडाक्षरं चुकली असतील, तेवढ्यावरून कागद खोटा ठरवू नये. याआधी मी काही लिहून ठेवलेलं नाही. तोंडी पुष्कळ जणांना पुष्कळ काय काय देते म्हटलं असेन, ते सगळं रद्द.

पहिलं म्हणजे घर. घर ह्यांच्या नावावर आहे, माझं नाही, तेव्हा त्याची वाटणी इथं शोधू नये. मुलगा शिवा मुंबईला आहे, ते त्याचंच व्हायचं. त्याला एवढंच सांगणं की गणपतीला दार उघडत जा.

दुसरं, माझी नथ, दोन बांगड्या आणि कानातली कुडी नात रिया हिला. ती नर्सिंग शिकते. इंजेक्शन देताना बांगड्या घालू देत नाहीत म्हणे, तर मग सुट्टीत घालाव्यात. सून नाराज होईल, पण सुनेला तिच्या लग्नात जे घातलं ते मी परत मागितलेलं नाही, हे तिनं लक्षात घ्यावं. पोस्टातली शिल्लक ह्यांच्या औषधपाण्याला, उरली तर शिवाची.

तिसरं, आडाळो. नारळ खवायचा माझा आडाळो आईनं दिलेला, पातं अजून लख्ख. तो जाऊबाई सुशीला हिला द्यावा. तिनं तो एका लग्नाला नेला आणि पुढच्या लग्नापर्यंत ठेवला, आणि वर मलाच म्हणाली, "माझोच आसा तो." तर आता होऊ दे तिचा. पण तिला देताना चार माणसांसमोर द्यावा, आणि सुगंधानं दिला असं मोठ्यानं म्हणावं.

मध्येच उठून खिडकीतून बघून आले. हे कुणग्याच्या मेरेवर, बांधावर बसलेत. टोपी घातलेली नाही.

चौथं, आणि ज्याच्यासाठी मला झोप नाही ते. आंब्याखालचा कुणगा हा मला माझ्या वडिलांकडून आला, सातबाऱ्यावर माझं एकटीचं नाव आहे. कार्तिकात भात कापलं की त्यात गोलचे खांब उभे राहतात ते मिरगापर्यंत. हे कट्ट्याच्या शाळेत ड्रिलमास्तर होते. लग्न होऊन मी आले त्याच वर्षी मला म्हणाले, "तुझो कुणगो सपाट आसा." दुसऱ्या बायकांना नवऱ्यानं काय काय म्हटलं असेल, मला हे म्हटलं. मधली मेर ह्यांनी तोडली तेव्हा माझे वडील महिनाभर बोलले नाहीत. पण त्या कुणग्यात खेळलेली पोरं नंतर पोलिसात गेली, बोटीवर गेली, आणि अजून गावात आली की आधी मास्तरांच्या पाया पडतात, मग देवळात जातात.

आता बिघडलंय ते सांगते. शेजारच्या गावच्या मॅचला ह्यांनी एकाला आत पाठवलं आणि बाहेर कोणालाच काढलं नाही. बारा जण खेळतायत. रेफरीनं शिट्टी मारली तर ह्यांनी त्यालाच सुनावलं, "तुका मोजूक येणा नाय." आमचा झालेला गोल रद्द केला, मॅच गेली. डावखुऱ्या पोराला उजवीकडे घालतात. आणि बाबलीला गोलातून काढा म्हटलं की खवळतात. "गोल हो गंगारामाच्या घराचो मान. पालखीचो पयलो खांदो तुमी काढून घेतास काय कोणाचो?" आता ह्यावर कोण बोलणार! गंगाराम म्हणजे बाबलीचे वडील, ह्यांच्या पहिल्या टीमचे गोलकीपर. ते जाऊन किती पावसाळे झाले.

तर त्या दिवशी जितेंद्र ओटीवर बसून सांगत होता, "काकी, मास्तरांका आमी कमी लेखनव नाय. पण बाबलीभाऊचा काय झाला सांगू? आधी बॉल जाता, मगे तो वाकता."

आतून आवाज, "खरां सांगता तो."

जितेंद्र दचकलाच. बाबली तोंडात घावणा घेऊन दारात उभा. "तू रे हय काय करतंस?"

"तुझ्याआधी इलंय. माझो अर्ज पयलो."

 समर्थ मालवणात टुरिस्टांच्या बोटीवर असतो. पाण्यात पडलेल्या माणसाला एका हातानं धरून बोटीवर घेतो म्हणतात, मग त्याच्या हातातून बॉल कसला सुटतोय! पण दोन वर्षं तो मेरेवर बसून पाण्याच्या बाटल्या भरतोय, कारण गोल मानाचा.

जितेंद्र म्हणाला, कुणगा तुमचा आहे, तुम्ही सांगा मास्तरांना, आता टीम आम्हाला निवडू द्या. नाहीतर पोरं दुसऱ्या गावच्या टीममधून खेळायला निघालीत. मी म्हटलं, ह्यांचं टीम निवडणं काढून घेतलं तर ह्यांच्याकडे राहिलं काय?  मग बाबलीच बोलला.

"काकी, मान बिन काय नाय गो. मास्तर आता माका बाबली म्हणनतच नाय. गंगाराम म्हणतत."

"मगे तू काय करतंस?"

"ओ देतंय." मग म्हणाला, "बापाशीच्या नावान हाक मारणारो गावात आता दुसरो कोण रवलो? म्हणान हुबो रवतंय. पण गुडघे आयकनत नाय."

मला हे माहीत होतं. एका दुपारी जेवताना हे म्हणाले, गंगारामाला कढी ठेव, तो मॅचनंतर येईल. मी म्हटलं, ठेवलीय. कोणाला सांगायचं? सांगितलं की गाव काय म्हणणार ते मला ठाऊक. हट्टी मास्तर म्हणतात ते मला चालतं. वेडा म्हटलेलं चालणार नाही.

एवढ्यात हेच आले, पायाला चुना, हातात दोरी. "काय रे, कसलो बाजार भरलो? गंगाराम, तारले हाडलंस?"

बाबली म्हणाला, "हाडलंय, मास्तर."

जितेंद्रनं मान खाली घातली. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "पालखीक पयलो खांदो कोणाचो?"

"मानकऱ्याचो. ह्यां काय इचारूक होया?"

"आनी मगे देवळाकडसून वडापर्यंत न्हेता कोण?"

"तरणे पोरगे. म्हाताऱ्यान न्हेली तर देव खाली पडतलो."

"मगे गोलाचा तसाच करा. मॅचआधी देवाक गाऱ्हाणा घालून होयसर गंगारामान हुबो रवायचा. शिट्टी झाली काय तरण्यान न्हेवची पालखी."

 पन्नास वर्षांत मी टीममध्ये तोंड घातलं नव्हतं. मला वाटलं आता दोरी फेकतात. पण म्हणाले, "माका इचारू नको. मान गंगारामाचो, तेका इचार."

आम्ही सगळे बाबलीकडे बघतोय. तो हात धोतराला पुसायला गेला, पण पँट होती, तिलाच पुसला. उभा राहिला. "मान माझो, मास्तर. काम ह्या पोराचा."

"बघ हां. मगे रडत येशीत."

"येवचंय नाय."

मग हे समर्थाकडे वळले, वर-खाली बघितलं. "उंची बरी आसा. इतकी वर्सां खंय होतंस रे?" सगळे हसले, समर्थ सगळ्यात जास्त. मी तवा बघायला आत गेले.

म्हणून आता असं लिहिते. मी जिवंत आहे तोवर माझ्या भीतीनं सगळं नीट चालेल. माझ्या जिवाला घोर आहे तो मी आधी गेले तर काय. तेव्हा आंब्याखालचा कुणगा माझ्या मागे आमच्या वाडीच्या क्रीडा मंडळाला कायमचा द्यावा. पावसात भात कोणी लावायचं ते मंडळानं बघावं, पण पड ठेवू नये, लक्ष्मी आहे ती. शिवानं त्यावर हक्क सांगू नये. त्याला बॉल आवडत नाही, लहानपणी नाकावर बसला होता.

हे मात्र अटीवर. टीम जितेंद्रनं किंवा त्याच्या नंतर जो असेल त्यानं निवडावी. पण मॅचच्या आधी कुणग्यात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते ह्यांनीच, आणि त्यात अकरा नावं घ्यायची ती ह्यांना आठवतील ती. चुकलं म्हणून कोणी मध्ये बोलायचं नाही. ज्याला ज्या नावानं हाक येईल त्यानं ओ द्यायची आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. जी नावं घेतील ती काही अशी तशी माणसं नव्हती, त्यांच्या नावानं उभं राहिल्यानं कोणाचं काही कमी होणार नाही. गोलात आधी बाबलीनं उभं राहायचं. तो आजारी असला तर त्याच्या घरचं कोणीही, मुलगीसुद्धा. शिट्टीच्या आधी बाजूला व्हावं, म्हणजे बारा होणार नाहीत.

मेरेवर आंब्याच्या सावलीत ह्यांची खुर्ची राहील. मॅच चालू असताना हे जे ओरडतील त्याला "होय मास्तर" म्हणावं आणि आपल्याला हवं तसं खेळावं. मीही संसार असाच केला.

यातलं काही मोडलं आणि ह्यांना कुणग्यावरून हाकलून लावलं, तर कुणगा मंडळाचा नाही, शिवाचा. मग त्यानं रिसॉर्ट बांधलं तरी मी काही बोलणार नाही, बोलायला असणारही नाही. हे गेल्यावर अट संपली. पुढे कोणी कसं खेळायचं ते खेळा.

अजून एक. मी आधी गेले तर ते ह्यांना एकदा सांगावं, दहाव्याला. नंतर परत परत विचारतील, सुगंधा खंय आसा. प्रत्येक वेळी खरं सांगून प्रत्येक वेळी नवं दुःख देऊ नये. कुणग्याकडे गेलीय म्हणावं. ते आपणच चालायला लागतील, चालणं तब्येतीला चांगलं.

या कागदाप्रमाणे सगळं करून घेण्याचं काम रियाचं. ती कोणाला भीत नाही. ज्यांना यातून काही मिळतं त्यांनी साक्ष घालू नये म्हणतात, म्हणून बाबली आणि जितेंद्र यांच्या सह्या घेतल्या नाहीत, आणि सुशीलेला तर कळूच दिलेलं नाही. साक्षीदार दोघीही माझ्यासमोर बसल्या, मी सही केलेली त्यांनी बघितली, त्यांनी केलेली मी बघितली. शेवंती मध्येच रडली, तिला चहा दिला.

साक्षीदार
१. विनीता गावडे, अंगणवाडी सेविका, भरडवाडी. सही
२. शेवंती मेस्त्री, शेजारीण. सही

लिहून देणार
सुगंधा महादेव धुरी. सही
(वर नाव परत लिहावं लागलं. सहीत येतंच.)

ठिकाण: भरडवाडी, तालुका मालवण
दिनांक: २१ जानेवारी २०२६, बुधवार

ता. क. कागद मी जितेंद्र, समर्थ आणि बाबली यांना वाचून दाखवला. समर्थानं विचारलं, आपल्याला कोणत्या नावाची हाक येईल. मी म्हटलं, माझ्या हातात नाही ते. येत्या रविवारी, मॅचच्या आधी, सगळी टीम घेऊन पुढच्या दारानं येतो म्हणालेत, मास्तरांच्या तोंडून अकरा नावं घ्यायला.