नानांचं उत्तरेचं तळं

टार्निट, मेलबर्न
ऑगस्ट २०२०

ती. सुनीतीताईस,

चंद्रहासचा साष्टांग नमस्कार (लॉकडाउनमध्ये पोट इतकं सुटलंय, की आठही अंगं जमिनीला टेकायला वेळ लागला). भावजींचा खोकला साधाच आहे ना? इकडे आम्ही चौघं मजेत: मी, चिन्मयी, नाना आणि जिला अजून नाव नाही ती. व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा दाखवून मोकळी होतेस, म्हणून हे सविस्तर पत्र. बारशाचा विषय यात काढणार नाही. आत्या स्वतः येऊन कानात कुर्र करेल तेव्हाच नाव, हा तुझा हट्ट आणि त्याला नानांचा पाठिंबा. विमानं बंद आहेत हे तुम्हा बापलेकींना कोण सांगणार? तोवर पोरीला आम्ही बाळी म्हणतो. असो. पत्र तळ्याबद्दल आहे.

नाना चिन्मयीच्या बाळंतपणासाठी आले आणि अडकले, हे तुला माहीत आहेच. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला लॉकडाउनच्या नियमाने रोज एक तास आणि पाच किलोमीटर एवढीच पृथ्वी उरली. मग त्यांनी तिचाच अभ्यास सुरू केला. आमच्या वस्तीच्या टोकाला, जिथे अजून घरं झालेली नाहीत, तिथे पावसाचं पाणी साठायला खणलेला एक खड्डा आहे. नानांच्या मते ते उत्तरेकडचं दुर्गम सरोवर (दुर्गम, कारण चिखलात माझा बूट गेला तो गेलाच). त्याचा उगम एका सिमेंटच्या पाइपात होतो. मध्यभागी एक बेट आहे, म्हणजे सुपरमार्केटची उलटी पडलेली ट्रॉली, आणि त्यावर बदकांची वस्ती. पाणी गोडं आहे, हे त्यांनी बोट बुडवून चाखून ठरवलं. त्या दिवशी चिन्मयीने त्यांच्या हातांवर सॅनिटायझरची अर्धी बाटली संपवली.

नाव नसलेलं तळं म्हणजे डबकं, असं म्हणून त्यांनी डायपरच्या खोक्याचा पुठ्ठा काठीला बांधून काठावर रोवला. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं, 'सुनीती सरोवर'. कारण विचारलं तर म्हणाले, पुणं उत्तरेला. या पाच किलोमीटरात सुनीतीच्या जितकं जवळ जाता येईल, तितकं हेच. रोज दुपारी पाण्यापलीकडे बघत उभे असतात. मला गंमतही वाटायची आणि गलबलूनही यायचं.

परवा तिथे जाताना पोलिसाने हटकलं, कुठे निघालात म्हणून. नाना ऐटीत म्हणाले, टू द नॉर्थ लेक. त्याने फोनवर नकाशा काढला. "देअर्स नो लेक अप नॉर्थ, मेट. दिस इज साउथ." नानांनी त्याला आकाशाकडे बोट दाखवून दुपारचा सूर्य दक्षिणेला झुकतो हे समजावायला घेतलं, आणि अर्ध्या वाक्यात थांबले. ताई, दोन्ही गोलार्धांचे धडे घोकून घेणारा माणूस, पण पाय अजून सदाशिव पेठेतच. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सकाळी मेलबर्नला ढग, त्यामुळे सूर्योदय कधी धड दिसला नाही. आणि फोनवर नकाशा बघणं हा ते भूगोलाचा अपमान समजतात. पोलीस बिचारा "नो वरीज, जस्ट पुल युअर मास्क अप" म्हणून गेला.

 घरी येऊन नाना पलंगाकडे बघत राहिले. उत्तरेला डोकं नको म्हणून आल्या आल्या तो माझ्याकडून फिरवून घेतला होता, म्हणजे फेब्रुवारीपासून बरोब्बर उत्तरेलाच डोकं करून झोपतायत. तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी.

तुझा धाकटा,
चंद्रहास

ता. क.: बारशाबद्दल बोलणार नव्हतो, पण रविवारी व्हिडिओ कॉलवर ये. फोन बाळीच्या कानाशी धरतो, तू कुर्र कर. आत्याच्या पाठीत घालायचे धपाटे भावजींकडून घे. नाना आता हो म्हणतायत. अडलंय ते फक्त तुझ्यासाठी.

ता. क. २: तळं दक्षिणेला निघालं तरी नाना पाटी काढायला तयार नाहीत. रोज तिथेच जातात. फक्त आता पाण्याकडे पाठ करून उभे राहतात.