मान हलवणारा बैल

अकोला, २८ जुलै १९६३
लाकडी बैलाची मान हलली. रहीमचाचांच्या सुतारशाळेत फरशीवर सात वेळा ओढला, सातही वेळा हलली. चाकांच्या पुढच्या आसावर केंद्राबाहेर भोक पाडलेली चकती, चकतीवर टेकलेली काडी, काडीवर मान. इतकंच. ड्रॉइंग माझं, लाकूड चाचांचं.
चाचा: "बाई, तीस साल झाले बैल बनवून राहिलो. हो म्हननारा हा पयलाच."
बैल घेऊन घरी चालत आले की धावत, आठवत नाही.

२ ऑगस्ट
खेळण्यांच्या दुकानाचे शेठजी तान्ह्या पोळ्यासाठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्यासाठी, हे बैल ठेवणार. दाराशी लावायला चित्र हवं. "तुमीच काढा. नकाशे काढता न?" बांधकाम खात्यात ट्रेसर आहे, हे साऱ्या गल्लीला माहीत.

४ ऑगस्ट
ट्रेसिंग कापडावर शाईने काढलं. दोरी धरलेला मुलगा, टोपी, मागे बैल. प्रमाण चोख.
सुमी (ताईची, वय ७) खांद्यावरून बघत होती. "मावशी, हा कोन हाये?"
"कुणी नाही. मुलगा."
"पन घरी बैल तं पयले मीनं ओढला."
खरं आहे. अमरावतीला तीन वर्षं ड्रॉइंगच्या वर्गात एकटी मुलगी होते, तरी हात आपोआप टोपीकडे गेला.

५ ऑगस्ट
सुमीला तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन रांगेत उभं राहायचंय. जेवताना भावजी: "पोरी रांगेत रायत नाईत. तिच्यासाठी भुलाबाईची मूर्ती अन् गाणे हायेत न पुढच्या महिन्यात."
ताई: "भुलाबाई एका जागी बसून रायते. तिले ओढता येते काय?"
भावजी हसले. "दुकानावर तरी बैलासंगं पोरगी दिसते काय कुठी? दाखवा, मंग पाहू."
दाखवते.

६ ऑगस्ट
ब्लेडने टोपी आणि सदरा खरवडला. ऑफिसातलं रोजचंच काम: चुकलेली रेघ हलक्या हाताने उडवायची, जागा नखाने घोटायची. दोन वेण्या, परकर. आता ऊन हवं, त्याशिवाय ब्लूप्रिंटचा निळा छाप निघत नाही. आणि आभाळ भरलेलं.

११ ऑगस्ट
रविवार. अकराला ऊन. छापाचा कागद कापडासकट काचेखाली. सुमीने सेकंद मोजायचे, मी बघायचं. मग पाण्यात. निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या: वेण्या, परकर, दोरी, शिंगं. सुमी पाण्यावर वाकली. मीही.
टोपी मात्र गेली नाही. वेण्यांच्या वर, फिकट. शाई कापडात मुरली होती.

१३ ऑगस्ट
शेठजींनी छाप बराच वेळ पाहिला. "हे पोरगी हाये का पोरगं?"
"पोरगी."
"अन् टोपी?"
"आधी मुलगा काढला होता."
"बाई, बैल हा पोरायचा माल. पोरीचं चित्र पाहून पोट्टे हात लावतीन काय?"
चाचा बैल घेऊन आले होते. टोपली खाली ठेवलीच नाही. "शेठ, चित्र लागंन तं बैल उतरतीन."
हे अपेक्षित नव्हतं. चित्र लागलं.

१७ ऑगस्ट
भावजी बाजारातून आले. दुकानावरचं चित्र पाहिलं म्हणाले. संध्याकाळी सुमीच्या बैलासाठी दोरी वळत बसले.

२० ऑगस्ट, तान्हा पोळा
रांगभर मुलगे, आणि सुमी. नवा फ्रॉक, बैलाला झूल. एका आजोबांनी वाकून विचारलं, "कोनाचा हाये वो बैल? भावाचा?"
"माहा." तिने दोरी ओढली. बैलाने मान हलवली.
घरोघरचा बोजारा, खाऊ आणि चिल्लर, तिने फ्रॉकच्या ओच्यात आणला. भावजी पूर्ण वेळ मागे चालत होते, चार पावलं अंतर ठेवून.

२२ ऑगस्ट
शेठजींचा निरोप: पुढच्या सालीही हाच बैल. चित्रात मात्र मुलगा परत आणा, वेण्या खोडून टोपी पक्की करा. दुकानात तीन मुली बैल मागत आल्या, हेही त्यांनीच कळवलं, तक्रारीसारखं.
कापड उजेडात धरलं. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्लेड चालवलं तर भोक पडेल. हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.
सुमी विचारते, शेपूटही हलेल का. मागच्या आसावर दुसरी चकती बसवावी लागेल. ड्रॉइंग सुरू केलं.