जीपच्या बॅटरीवरचा टीव्ही

आप्पा, काल तुमचा नातू पुण्याहून नवी गाडी घेऊन शिरूरला माझ्याकडे आला. पेट्रोलवर आणि बॅटरीवर, दोन्हींवर चालणारी, हायब्रिड म्हणतात. दुपारी रोजच्यासारखी लाइट गेली. त्याने गाडीच्या बॅटरीला चिमटे लावले, इन्व्हर्टर जोडला, खिडकीतून वायर आत आणली आणि माझा पंखा फिरायला लागला. मी म्हटलं, "पुरे. बॅटरी उतरेल." तो हसला. "आत्या, उतरायला लागली की ती आपलं आपण इंजिन सुरू करते. कुणाला विचारत नाही." आणि खरंच, थोड्या वेळाने अंगणातली रिकामी गाडी घुरघुरली, तिने बॅटरीत हवं तेवढं भरून घेतलं आणि पुन्हा गप्प झाली. मी उठून पंखा बंद केला. त्याला वाटलं, म्हातारी विक्षिप्त झाली. वाटू दे.

मांडवगणला आपल्या जीपच्या बॅटरीवर टीव्ही लावायला तुम्ही कधी कुणाला नाही म्हटलं नाहीत. मॅच असली की लाइट हमखास जायची आणि अख्खी आळी आपल्या अंगणात येऊन बसायची. दाराशी जीप, ओसरीवर तो छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. आत आई धापा टाकत सगळ्यांचा चहा करते आहे. दम्याच्या बाईला इतका चहा झेपेल का, हे तुम्ही तिला एकदाही विचारलं नाहीत. मी दौंडहून सुट्टीला आले की हे बघून माझं डोकं फिरायचं. तुम्हीच मला दौंडच्या कॉन्व्हेंटात घातलं होतंत, पोरीने ताठ बोलावं म्हणून. मी ताठ बोलायला शिकले.

त्या मे महिन्यातल्या दुपारी चहाची दुसरी फेरी चालू असताना आईचा श्वास अडकला. तिच्या पंपाने काही होईना. आपण दोघांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. तुम्ही किल्ली फिरवलीत. नुसता टक आवाज झाला. पुन्हा फिरवलीत, पुन्हा टक. मॅच बघणारे सगळे धक्का मारायला धावले. जीप दोनदा हिसके देऊन थांबली आणि पार वेशीपाशी गेल्यावर सुरू झाली. दौंडच्या अलीकडेच आईचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. पाव तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला भरल्या घरात मी तुम्हाला म्हणाले, "आळीला मॅच दाखवायला तुम्ही माझ्या आईचा जीव घेतलात." तुम्ही खाली बघून एवढंच म्हणालात, "व्हय." टीव्ही तुम्ही त्याच आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकलात. पुढे तुम्ही असेपर्यंत मी वर्षातून दोनदा यायचे, जेवायचे, कामापुरतं बोलायचे.

टीव्ही चालू असताना जीपचं इंजिन तुम्ही नेहमी चालू ठेवायचात. त्या दिवशीही ठेवलं होतं. मी बाहेर येऊन म्हणाले, "ते इंजिन बंद करा. आईला धूर सोसत नाही."

तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे गं. बॅटरी उतरंल."

अंगणातून कुणीतरी बोललं, "कॉन्व्हेंटचं नाक हाय आप्पा, त्याला डिझेल न्हाई चालायचं." सगळे हसले. मी तुमच्याकडे बघत तशीच उभी राहिले. तुम्ही उठलात आणि इंजिन बंद केलंत.

तेराव्याला तुम्ही एवढं सांगितलं असतंत तरी पुरे होतं. साक्षीला अख्खी आळी होती. पण तुम्ही "व्हय" म्हणालात, आणि मी तो शब्द इतकी वर्षं तुमच्या विरुद्ध वापरला.

हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी वारा शेताकडे होता, आप्पा. धूर घरात येतच नव्हता. इंजिनाच्या आवाजात मला कॉमेंट्री ऐकू येत नव्हती.