राणीच्या बागेचा कौल

आये,

मे महिन्यात नातीला घेऊन मुंबईला राणीची बाग बघायला जायचं चाललंय. लेकाने मोबाईलवर गाडीची तिकिटं काढली, बाग कोणत्या वारी बंद असते तेही बघून ठेवलं. नात रोज एक नवा प्रश्न काढते. काल म्हणाली, "आजये, पेंग्विनाक बांगडे घालूक देतले काय गो?" मी म्हटलं, तिथे कुणालाच काही घालू देत नाहीत, तर तोंड पाडून बसली. मला एकदम माझं लहानपण आठवलं, आणि मग तू आठवलीस. तू जाऊन वर्षं झाली, तरी तुझ्यावर इतकी रागावलेय की हे लिहून टाकल्याशिवाय माझ्या हातून आज धड भातही शिजायचा नाही.

तो उन्हाळा तुला आठवत असेलच. मी चौथीत होते. मुंबईच्या मामाने कळवलं होतं, सुट्टीत पोरीला पाठव, राणीची बाग दाखवतो. मग आपल्या स्वयंपाकघरात दुसरा विषयच राहिला नाही. तू चुलीपुढे पेज ढवळते आहेस आणि मी मागून विचारते आहे, "आये, पाणघोडो आमच्या म्हशीपेक्षा मोठो काय गो?" तू हसून म्हणतेस, "माका काय म्हायत? मी खंय बघलंय! तू बघून ये आणि माका सांग." हत्तीला द्यायला मी एक नारळ पिंपामागे लपवला होता. तू तुझ्या निळ्या लुगड्याचा मला फ्रॉक शिवलास आणि त्याला मुद्दाम मोठा खिसा ठेवलास, वाटेत खायला खाजं ठेवता यावं म्हणून. तयारी आपण दोघींनी केली होती, आये. तेच आता जास्त लागतं.

देवीला विचारल्याशिवाय आपल्या घरातलं कुणी खारेपाटणच्या पलीकडे पाऊल टाकत नसे. तू काकीला सोबतीला घेऊन देवळात गेलीस. गुरवाने पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी आधी पडते की डावी, ते बघत बसायचं. उजवी म्हणजे जा, डावी म्हणजे नको. तू परत आलीस आणि पाय धुता धुताच म्हणालीस, "डावो पडलो गो. देवी नको म्हणता."

मी रडले नाही, घाबरले. देवी माझ्यावरच का कोपली, ते शोधत बसले. नैवेद्यातलं एक केळं मी गुपचूप खाल्लं होतं, ते आठवलं. दुसऱ्या दिवशी तुला ओढतच देवळात नेलं, पाषाणापुढे नाक घासलं आणि "चुकलंय, माका क्षमा कर" म्हणत राहिले. तू खांबाला टेकून उभी होतीस. येताना माझा हात घट्ट धरलास. निळा फ्रॉक मी पुढे जत्रेत घातला. मोठेपणी लग्नाकार्याला, दवाखान्याला मुंबईला खूप वेळा गेले, पण त्या बागेकडे कधी वाट वाकडी केली नाही. देवीनेच नको म्हटलं होतं ना!

परवा काकीला म्हटलं, कौल लावून येते, मागच्या वेळी डावा पडला होता. ती आता फारशी उठत नाही, पण कान शाबूत आहेत. म्हणाली, "डावो खंयचो? उजवोच पडललो. मी थंयच उभी होतंय. तुझ्या आवशीन माका गप रव म्हणान सांगल्यान." मी विचारलं, का? "भाव तुका थंयच ठेवन घेतलो, ह्या भय होता तिका."

मामाला मूल नव्हतं, हे खरं; तो मला तिथेच ठेवून घेईल असं तुला वाटलं असेल. तुझं भय मला कळतं, मीही आई झाले, आजी झाले. पण भय वाटत होतं तर तसं सांगायचंस! मी रडले असते, आदळआपट केली असती, चार दिवसांत विसरले असते. देवीला कशाला मध्ये घातलंस? आणि मी नाक घासत होते तेव्हा तुझ्या तोंडून एक शब्द फुटू नये? पोटच्या पोरीला असं फसवलंस. याची माफी मी तुला देऊ शकत नाही, निदान आज तरी नाही.

आज सकाळी एकटीच देवळात गेले. आताचा गुरव तरुण आहे. त्याने गाऱ्हाणं घातलं आणि मी पाषाणाकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने डावी पाकळी पडली.

घरी आले तर नात पायरीवरच वाट बघत होती, पाठीला रिकामं दप्तर अडकवून. "आजये, खंयचो पडलो?"

"उजवो," मी पाय धुता धुता म्हटलं.

जीभ जराही अडखळली नाही. तुझीही तेव्हा अडखळली नव्हती. आता जाऊन परत येईपर्यंत माझ्या जिवाला घोर. काकीला हे सांगितलेलं नाही, लेकालाही नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि सगळ्यात आधी तूच आठवलीस, आये.