मामाच्या वाट्याचा गोरिला

प्रिय मामा,

जय भीम!

काल युगांडाहून बहारीनला, हूऱ्याच्या खोलीवर परत आलो आणि आज सकाळीच मामीचा गावाहून फोन. "पाहिलास का रे त्यांचा गोरिला?" आणि लगेच तुझ्या कंपनीला शिव्या सुरू. "मेल्यांनी माणसाला आठ दिवस रजा दिली नाही!" "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवला आणि लिहायला बसलो.

आपण दोघं गोरिला बघायला जाणार होतो तेव्हा तुला रजा तर मिळाली होती ना मामा? "यंदा नको" म्हणून मित्रांबरोबर जॉर्जियाला पळालो तो मी! मामीशी खोटं कशाला बोललास? मला वाचवायला? आणि छातीत दुखतंय हे मला का नाही सांगितलंस?

असो, डोंगराचं ऐक. सलमाबादच्या वर्कशॉपात एसी खोलता खोलता तू मोबाइलवर गोरिला बघायचास, ते मस्त बसलेले असायचे. तिथवर चढावं लागतं हे कुणी दाखवलंच नाही! बहारीनमध्ये आपली चढण म्हणजे फ्लायओव्हर, तीही गाडीतून. तिथे चार तास चिखल, खाजरी पानं. मध्येच तीन शिंगांचा सरडा दिसला, मी निघालो त्याच्या मागे. वाटाड्या ओरडला, "मिस्टर, गोरिला धिस साइड!"

मग झाडी हलली आणि पांढऱ्या पाठीचा थोरला नर समोर आला. बसा, नजर खाली, असं आधीच बजावलेलं. सगळे बसले. मी ताडकन उभा! मालक वर्कशॉपात आला की हातातलं टाकून उभं राहायचं, ही तुझीच शिकवण. वर छातीवर हात ठेवून "सलाम अलैकुम"सुद्धा म्हणालो. वाटाड्यानं पँट धरून खाली ओढलं. गोरिलानं माझ्याकडे पाहिलं, एक सणसणीत पादला आणि पाला खात बसला.

"मामा, बघ!" म्हणत मी शेजारी वळलो. शेजारी कुणी नव्हतं.

मास्कच्या आत नाक वाहायला लागलं. सर्दीवाल्याला तिथे थांबू देत नाहीत, गोरिलांना लागण होते. वाटाड्या घाबरला. "सर, कोल्ड? गो बॅक!"

"नो कोल्ड," मी म्हटलं. "अंकल. खलास."

त्यानं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओके. अंकल ऑल्सो सी. बट यू सिट!"

बसलो रे. तासभर हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

हे पत्र संपलं की मामीला फोन लावून खरं सांगतो. शब्द देतो. ती शिव्या देईल, फोन आपटेल. मी पुन्हा लावीन. ती उचलेपर्यंत लावीन.

तुझा भटका भाचा,
पिंट्या