मॅडमची शिट्टी

७ सप्टेंबर, रविवार

मधुकरला जाऊन दोन वर्षं झाली. त्याची वाफेवर चालणारी बोट पोर्चमध्ये ताडपत्रीखाली तशीच आहे. आयुष्यभर खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलर सांभाळले, निवृत्तीनंतर घरी एकही बॉयलर नाही हे त्याला सहन झालं नाही, म्हणून ही बोट बांधली. नाव ‘मॅडम’. मी कॉन्व्हेंटची, म्हणून मलाही तो हेच म्हणायचा.

आज जितेंद्र म्हणाला, आई, पोर्च मोकळा कर, तुझ्या सुनेची, कामिनीची, नवी गाडी येतेय. रिसॉर्टवाला एक जण बोट न्यायला तयार आहे. सेल्फी पॉइंट करणार. आत पेटुनिया लावणार.

पेटुनिया!

मी शांतपणे सांगितलं, ही बोट चालते. तो म्हणाला, मग चालवून दाखव. दसऱ्याला पारशिवनीच्या तलावात पलीकडे जाऊन वाफेवर परत आलीस तर गाडी रस्त्यावर उभी करू. नाहीतर मॅडम रिसॉर्टला. मी शेकहँड केला.

त्यात चालवायचं काय? इतकी वर्षं बसलेय की बोटीत.

९ सप्टेंबर

ताडपत्री काढली. पाली निघाल्या. बाकी सगळं उत्तम.

उजळणी केली. खाली भट्टी, वर पाणी, वाफ इंजिनात, इंजिन पंख्याला फिरवतं. बॉयलरला काचेची एक पट्टी आहे, तीत पाणी किती ते दिसतं. मधुकर म्हणायचा, मॅडम, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, या पट्टीवरची नजर हलवू नका. पाणी कमी झालं की भट्टीच्या छतातला शिशाचा प्लग वितळतो, वाफ आत शिरते आणि आग विझते. पुढे फक्त वल्ही.

पट्टी तोच बघायचा. माझ्याकडे शिट्टीची दोरी. म्हणजे सिग्नलिंगचं पूर्ण खातं माझं.

१४ सप्टेंबर, रविवार

पोर्चमध्ये पहिली चाचणी. बाभळीची लाकडं ओली निघाली (लाकूडवाल्याची चूक). धूर शेजारच्या पुष्पलताबाईंच्या वाळवणावर गेला (वाऱ्याची चूक).

पुष्पलताबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, काहून वं जयाताई, एवढ्या मोठ्या बंबात कोणाच्या आंघोळीचं पाणी तापवून राहिली? पूर्ण गल्लीच्या का?

मी समजावलं की हा बंब नाही, व्हर्टिकल फायर-ट्यूब बॉयलर आहे. त्या म्हणाल्या, हो ना, बंबच.

प्रेशर मस्त आलं. शिट्टी सहा वेळा वाजवली. तपासणं भागच होतं.

१५ सप्टेंबर

संकल्प: शिट्टी एकदाच. मधुकर नेहमी म्हणायचा, शिट्टी म्हणजे वाफ आणि वाफ म्हणजे पाणी, मॅडम, जरा जपून. शाळेत सिस्टर बर्नाडेट सांगायच्या की मुलीने आवाज चढवू नये. मी आयुष्यभर पाळलं. पण ती दोरी ओढली की सगळा तलाव वळून बघायचा. शिट्टीबद्दल सिस्टर काही बोलल्या नव्हत्या.

२१ सप्टेंबर, रविवार

दुसरी चाचणी. शिट्टी चारदाच. प्रगती आहे. कामिनीने कानात कापूस घातला होता. तिला सर्दी असावी.

२६ सप्टेंबर

झोप येईना. तलावावरचे ते रविवार आठवले. परतताना मधुकर नेहमी बरोब्बर मध्यावर बोट थांबवायचा. आग विझवायचा आणि म्हणायचा, मॅडम, सँडविच काढा. काकडीचं, कडा कापलेलं. खंड्या पक्षी बघत बसायचो. मग मासे धरणारा लहानू डोंगीतून यायचा आणि आम्हाला दोरीने ओढून काठाला न्यायचा. माझ्यासाठी तो माणूस चालती बोट थांबवायचा! इतका रोमँटिक इंजिनियर महानिर्मितीत दुसरा झाला नसेल.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज यंत्रांची पूजा. मधुकर प्लांटमध्ये दर वर्षी करायचा. मी इंजिनाला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. कुंकू तेलात कालवलं, म्हणजे पाण्याने जाणार नाही. कुठे लावावं? भट्टी काजळलेली, इंजिनाला ग्रीस. तेवढ्यात काचेची ती पट्टी दिसली. स्वच्छ, गुळगुळीत, आणि मधुकरची सगळ्यात लाडकी. वरपासून खालपर्यंत छान लेप दिला. ऊन पडलं की माणकासारखी चमकते.

मन भरून आलं. तयारीत काही उरलेलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी टेम्पोतून मॅडम तलावावर. बोटीत मी आणि जितेंद्र. लाइफ जॅकेट फक्त त्याने घातलं होतं.

वाफ आली, काठाची दोरी सोडली, निघालो. काय सांगू! तीच टकटक, तोच तेलाचा वास. जितेंद्र भट्टीत लाकडं घालत होता आणि बाबांसारखं भुवई उडवत होता. मध्येच म्हणाला, आई, खरंच चालतेय की गं.

पलीकडच्या काठाला कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. एक ओरडली, वाजवा न वं काकू, भोंगा वाजवा! संकल्पातली एक शिट्टी दिली. मग पोरांनी मागितली. नाही कसं म्हणणार? मग म्हशींनी मान वर केली, त्यांना एक. वळताना एक, वळल्याची एक.

जितेंद्रने विचारलं, आई, पाणी बघतेयस ना? मी म्हटलं, बेटा, पट्टी भरलेली आहे, काठोकाठ. लालभडक दिसत होती.

तलावाच्या मध्यावर आतून मोठा फुस्स आवाज झाला. आग विझली. टकटक थांबली. खंड्या उडाला.

जितेंद्रने पट्टीवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. वल्ही पोर्चमध्ये राहिली होती.

थोड्या वेळाने लहानूची डोंगी आली. दोरी बांधता बांधता म्हणाला, वाटलंच मले, काकू. साहेब बी इथंच थांबत जात.

मी म्हटलं, हो, सँडविचसाठी.

३ ऑक्टोबर

मधुकरच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. वर चार नवे प्लग. केवढी दूरदृष्टी! खाली जुने, मूठभर. सगळे वितळलेले.

डबा मांडीवर घेऊन एकेक मोजत बसले.

मॅडम, सँडविच काढा.

५ ऑक्टोबर, रविवार

रिसॉर्टचा टेम्पो आला. शब्द दिला होता, मी अडवलं नाही. पण बॉयलर आणि इंजिन त्यांना नको म्हणे, पेटुनियाला जागा उरत नाही. दोन्ही पोर्चमध्येच उतरवून गेले. गाडी अजूनही आत येत नाही. कामिनीने फीत लावून दोनदा मोजलं.

म्हणजे नव्वद टक्के यश. बॉयलर आहे, इंजिन आहे, शिट्टी आहे. आता फक्त बोट हवी.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे ट्रान्सफॉर्मर उडाला. गल्लीभर अंधार, सगळे गीझर बंद, आणि आज अभ्यंगस्नान. अंगाला तेल लावून सगळे कुडकुडत उभे.

पोर्चमध्ये खुडबुड ऐकू आली. जितेंद्र टॉर्च तोंडात धरून भट्टीत वाकला होता, डब्यातला नवा प्लग बसवत होता. टॉर्च काढून मला म्हणाला, आई, लाकडं तू लाव, तुला येतं.

पाणी तापलं. पहिली बादली कामिनीची. मग भिंतीपलीकडून पुष्पलताबाई दोन बादल्या घेऊन आल्या. म्हणाल्या, मी तं तुले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं वं, बंब चांगला हाय. मग समोरचे आले. मग त्यांच्या वरचे. फाटकापर्यंत रांग.

काचेची पट्टी पुसून लख्ख केली आहे. तिच्यावरची नजर हलवली नाही.

उजाडताना थोडी वाफ धरली होती. दोरी हाताशीच होती. सगळी गल्ली माझ्याकडेच बघत होती.

ओढली नाही. पाणी अर्ध्यावर आलं होतं आणि वरच्या मजल्यावरचे दोघं अजून तेल लावून उभे होते.